कॅप्टनच्या घरातला पाइप

शेगडीत अजून एक ओंडका सरकव, एरिक. पहाटे हरणामागे जायचंय हे मलाही ठाऊक आहे. पण खाणीच्या जुन्या कॅप्टनच्या घराची किल्ली मी सांभाळणं का सोडलं, हे तुम्ही पोरांनीच विचारलंत. तर ऐका. ही ऐकीव गोष्ट नाही. ज्याच्यावर बेतली तो वॉल्टर डोम्बेक माझ्या स्वयंपाकघरात बसून माझ्याशी हे सगळं बोललाय.

साल दोन हजार सतरा. ऑक्टोबरची सत्तावीस तारीख, शुक्रवार. वॉल्टर आणि त्याची बायको आयरीन मिलवॉकीहून आपल्या पेनहेल गावात आले, दोन रात्रींसाठी कॅप्टनचं घर भाड्याने घेऊन. वॉल्टरने चाळीस वर्षं लिफ्ट दुरुस्त केल्या. त्याच आठवड्यात तो निवृत्त झाला होता आणि लेकीने आईबापांना ही सुट्टी भेट दिली होती. संध्याकाळी पाचला तो किल्ली न्यायला माझ्या दारात उभा राहिला. चांगला उंचापुरा, बोलका गडी.

"टॉइव्हो तुम्हीच ना? लवकर द्या हो किल्ली. त्या तुमच्या मांस-बटाटा भरलेल्या पेस्टीचं दुकान बंद व्हायच्या आत पोचलो नाही तर बायको रात्री मलाच भाजून खाईल."

"पेस्टीवर काय घेता? केचप की ग्रेव्ही?"

"ग्रेव्ही."

"मग किल्ली मिळायची नाही. इथे ग्रेव्हीवाल्यांना थारा नाही."

तो खदखदून हसला. मी त्याला सगळं समजावलं. गरम पाण्याचा नळ उलटा फिरतो, शेगडीची झडप रात्री अर्धी ठेवायची, मोबाइल चालत नाही, स्वयंपाकघरातला फोन वापरायचा. सगळं सांगितलं. एक गोष्ट तेवढी सांगितली नाही. घराचा मालक शिकागोला राहतो. त्याने मला बजावून ठेवलं होतं, गिऱ्हाइकांना पळवून लावू नकोस म्हणून. आणि पैसे देऊन आलेल्या माणसाला असलं काही सांगायला जीभही रेटत नाही. पण सांगायला हवं होतं. ते माझ्यावर आहेच.

शनिवारी दोघं गावभर फिरले. जुन्या खाणीचा लोखंडी मनोरा पाहिला, तळ्याकाठी बसले, आयरीनने लेकीसाठी लोकरीचे हातमोजे घेतले. दमून दहालाच झोपले.

रात्री दोन वाजून चाळीस मिनिटांनी वॉल्टरला जाग आली.

ठक. ठक. ठक.

मग थोडा वेळ काही नाही. पुन्हा तीन.

आधी त्याला वाटलं, पाण्याचा पाइप असेल, थंडीत आखडून वाजतो तसा. पण तो लिफ्टवाला. कुठला आवाज यंत्राचा आणि कुठला माणसाच्या हाताचा, हे त्याला झोपेतही कळायचं. यंत्र दमत नाही. हा आवाज दमलेला होता. तिसरी ठक पहिलीपेक्षा हलकी यायची.

आणि वॉल्टरच्या मनात एक जुनं शल्य होतं. तरुण असताना एका इमारतीत तो डबा उघडून जेवत बसला होता आणि लिफ्टमधली घंटा वाजत होती. पोरं खेळत असतील, म्हणून त्याने सँडविच संपवलं. वीस मिनिटं. मग दार उघडलं तर आत हॅलोरन नावाचा एक म्हातारा भिंतीला टेकून बसलेला. गेलेला. कुणी वॉल्टरला बोल लावला नाही, पण त्याने स्वतःला लावला. त्यानंतर चाळीस वर्षांत तो एकाही घंटेला उशिरा गेला नाही.

तो उठला. गाडीतून पाना आणला, विजेरी घेतली आणि तळघरात उतरला.

तळघराच्या कोपऱ्यात जमिनीतून एक जाडजूड लोखंडी पाइप वर आलाय. कमरेइतक्या उंचीचा. तोंडाला लोखंडी बूच ठोकलेलं. आवाज त्यातून येत होता. वॉल्टरने हात लावला. बर्फासारखा गार, आणि प्रत्येक ठोक्याला तळव्याला हादरा बसत होता.

खाली माणसं आहेत, त्याला वाटलं. पोरं जुन्या खाणीत शिरली असतील, अडकली असतील. शहरातल्या माणसाला दुसरं काय वाटणार?

त्याने पाना उचलला आणि उलट ठोकलं. तीनदा.

खालचा आवाज एकदम थांबला. वॉल्टर मला म्हणाला, "टॉइव्हो, आवाज थांबला ना, तो यंत्र थांबतं तसा नाही थांबला. कुणीतरी श्वास रोखावा तसा थांबला."

मग खालून उत्तर आलं. भराभर. सात ठोके.

वॉल्टरने सात ठोकले. मोजून.

खालून पुन्हा सात.

सात माणसं! तो धावत वर गेला आणि फोन उचलला. त्या रात्री शेरिफच्या कचेरीत फोनवर कॅरल नीमी होती, आपल्या दूधवाल्या नीमीची सून. इथलीच.

"माणसं अडकलीयत खाणीत," वॉल्टर म्हणाला. "सातजण. पाइपावर खुणा करतायत. बचाववाले पाठवा लवकर."

"कुठून बोलताय?"

"पेनहेल. रस्त्याच्या टोकाचं मोठं घर. कॅप्टनचं म्हणतात ते."

वॉल्टरने फोन कानाशी दाबला.

"बाई? ऐकताय ना?"

"साहेब... तुम्ही उलट ठोकलंत का?"

"ठोकणार नाही तर काय! जन्मभर हेच काम केलंय."

"किती वेळा?"

"अहो, माणसं मरतायत आणि तुम्ही हिशेब कसला विचारताय?"

"घरात अजून कोण आहे?"

"बायको. वर झोपलीय."

"तिला उठवा. आहात तसे गाडीत बसा आणि निघा. आत्ता. आणि काहीही झालं तरी परत खाली..."

तेवढ्यात तळघरातून आवाज आला. वॉल्टरच्या बोटांनी आपोआप मोजलं.

सहा.

मघाशी सात होते. म्हणजे एक गेला. आपण फोनवर बोलत बसलो आणि एक गेला! हॅलोरन आठवला. त्याने फोन तसाच लोंबकळत टाकला आणि खाली धाव घेतली.

"थांबा!" तो पाइपाला तोंड लावून ओरडला. "मी आहे इथे! दम धरा!" आणि ठोकलं.

खालून पाच.

"नाही, नाही, नाही..."

बूच निघतंय का पाहायला त्याने पाना लावला. जोर केला. हलेना. घामाने विजेरी निसटली, जमिनीवर पडली, तिचा उजेड भिंतीवर गेला.

चार.

तो आता रडत होता. साठी उलटलेला माणूस. गुडघ्यावर बसून पाइपाला मिठी मारून रडत होता.

तीन.

दोन.

मग त्याला थंडी जाणवली. पाठीला. पाइप तर समोर होता. आणि वास आला... ओल्या मातीचा, गंजाचा, फार दिवस न धुतलेल्या कपड्यांचा.

पाणी ठिबकत होतं. त्याच्या मागे. एका ठिकाणी नाही...

एक.

तो म्हणाला, "तेव्हा मला कळलं, टॉइव्हो. अडकलेल्यांना मी नेहमी असंच काढलंय. एकेकाला. वर आला की खालचा आकडा एकाने कमी होतो."

ते मरत नव्हते.

वर येत होते.

मग पाइप गप्प झाला.

वॉल्टर हलला नाही. मागे कुणीतरी श्वास घेत होतं. एकजण नव्हे.

जिन्याच्या वरच्या पायरीवरून आयरीनचा आवाज आला. अगदी हळू. लहान मुलाशी बोलावं तसा.

"वॉल्टर. मागे बघू नकोस."

"आयरीन..."

"बोलू नकोस. माझ्याकडे बघ. फक्त माझ्याकडे. भिंतीच्या कडेने ये."

तो आला. डोळे तिच्या तोंडावर. तिचं तोंड पांढरंफटक पडलेलं, पण नजर त्याच्यावरून तसूभर ढळली नाही. तो पहिल्या पायरीवर चढला. दुसरी. तिसरी. चौथ्या पायरीवर असताना पहिली करकरली.

मग दुसरी.

आयरीनने त्याचा हात धरला आणि दोघं बाहेर पडले. पायात चपलाही नाहीत. गाडीत बसले, किल्ली फिरवली.

मागची दारं उघडली नाहीत. हे त्याने मला तीनदा सांगितलं. उघडली नाहीत.

पण गाडी खचली.

लिफ्टवाल्याला वजन कळतं, पोरांनो. लिफ्टमध्ये माणूस पाय ठेवतो तेव्हा ती किती दबते, हे त्याच्या अंगात मुरलेलं असतं. गाडी दबली. एक माणूस. पुन्हा दबली. दोन. तीन... मागच्या सीटवर मावणार नाहीत इतके. सात. काचा आतून धुरकटल्या.

"चालव," आयरीन म्हणाली.

त्याने चालवली. आरशात पाहिलं नाही. गाडी ओझ्याने कण्हत होती. मैलभर गेल्यावर दफनभूमीच्या फाटकाशी आयरीनने त्याच्या हातावर हात ठेवला.

"इथे थांब. त्यांना उतरायचंय."

हे तिला कसं कळलं, तिने कधी सांगितलं नाही. तळघरात काय पाहिलं तेही नाही. वॉल्टरने विचारलं नाही, मीही नाही.

त्याने गाडी थांबवली. इंजिन चालू. वारा नाही, पान हलत नव्हतं.

गाडी थोडी वर आली.

मग अजून थोडी.

वॉल्टर मोजत होता. तीन... चार... पाच...

सहा.

तो थांबला. वाट पाहिली. एक मिनिट. दोन.

"झालं?" आयरीनने विचारलं.

"हो," वॉल्टर म्हणाला. चाळीस वर्षांच्या संसारात तिच्याशी पहिल्यांदा खोटं बोललो, म्हणाला.

कॅरलने मला फोन करून उठवलंच होतं. मी ओसरीवर दिवा लावून उभा. साडेतीनला गाडी माझ्या अंगणात शिरली. दोघांना आत घेतलं, पांघरुणं दिली. आणि मग मी त्यांना सांगितलं. जे शुक्रवारी संध्याकाळी सांगायला हवं होतं ते.

एकोणीसशे एकतीसच्या ऑक्टोबरात आपली खाण पाण्याने भरली. सातजण खाली एका कोनाड्यात अडकले. हवेचा पाइप कॅप्टनच्या तळघरात निघत होता आणि त्यावर ते ठोकत होते. वाचवणं शक्य नव्हतं. निदान कंपनीचं म्हणणं तसं होतं. खाणीचा सगळा कारभार कॅप्टनच्या हाती; त्याने फर्मान काढलं, कुणी उत्तर द्यायचं नाही, उगाच आशा लावायची नाही. चार दिवस ठोकत होते. चार दिवस गावाने ऐकलं. कुणी एक ठोका परत दिला नाही. पाचव्या दिवशी कॅप्टनच्या बायकोला ते सहन होईना, म्हणून पाइपाला बूच मारलं. आतून ठोके येत असताना मारलं. तेव्हापासून दर ऑक्टोबरात पाइप वाजतो, आणि अजूनही गावातलं कुणी उत्तर देत नाही.

वॉल्टर म्हणाला, "म्हणजे सत्त्याऐंशी वर्षं... कुणीच नाही?"

"शहाऐंशी," मी म्हटलं. "कुणीच नाही. तू पहिला."

"बूच कुणी मारलं?"

आयरीन माझ्याकडे बघत होती. तिला ते आधीच माझ्या तोंडावर दिसलं असावं.

"माझ्या आजोबांनी," मी म्हटलं. "ते लोहार होते खाणीवर. कॅप्टनने सांगितलं, त्यांनी मारलं."

उजाडल्यावर मी दोघांना माझ्या ट्रकमधून मार्केट शहरापर्यंत नेऊन बसवर सोडलं. वॉल्टरने गाडीला हात लावला नाही. किल्ल्या माझ्या टेबलावर ठेवल्या आणि म्हणाला, "विकून टाक, नाहीतर जाळ." तो अजून आहे मिलवॉकीत. नाताळाला कार्ड येतं. रात्री गाढ झोप लागते म्हणतो, कित्येक वर्षांनी लागायला लागली. त्याने आपलं काम केलं होतं.

मी परत आलो आणि अंगणात गाडीपाशी गेलो. मागची सीट लाल चिखलाने बरबटलेली, ते अपेक्षितच होतं. पण उजव्या बाजूला, खिडकीशी, सीटचा पट्टा लावलेला होता. खटका बसलेला. आत कुणी नाही. आणि पट्टा सीटला चिकटून नव्हता. वीतभर पुढे, ताणलेला होता, माणसाच्या छातीवरून जातो तसा.

...

काय? गाडी? गाडी आहे की. माझ्या कोठारात. कोण विकत घेणार?

हो रे एरिक, सोडला ना पट्टा. मीच सोडला.

दोनदा.