कौशल्याबाईंचा वॉकर

शेकोटीत काटकी सारून भय्याजी पोरांना म्हणाले, ही आपल्याच भिलाईतली गोष्ट, वंदनानं स्वतः मला सांगितलेली.

मागच्या पौषातली अमावास्या. वंदनाच्या सासूबाईंचं, मैनाबाईंचं, खुब्याचं ऑपरेशन झालं होतं. आता उभ्या राहिल्या नाहीत तर कायमच्या खाटेला लागतील, असं डॉक्टरांनी बजावलेलं. म्हणून संध्याकाळी वंदना मराठी मंडळात गेली. तिथून आजाऱ्यांना वापरायला सामान मिळतं. कळलं, उरलेला एकच वॉकर कौशल्याबाईंच्या घरी आहे. त्या परवाच गेल्या. तेरवी झाली की परत येईल.

तेवढा धीर कुठला! वंदना थेट त्यांच्या क्वार्टरवर गेली. सुतकाचं घर, म्हणून फाटकाशीच उभी राहिली. कौशल्याबाईंच्या मुलानं, विष्णूनं, वॉकर लगेच बाहेर आणला.

"घेऊन जा वहिनी. रात्रभर टक्‌टक् करत घरभर फिरे बुढी. मंग मीच रात्री उचलून ओसरीत ठेवून देऊ लागलो. बसे बोंबलत."

 घरी येऊन वंदनानं कौशल्याबाईंच्या नावानं देवापुढे एक वात लावली आणि वॉकर सासूबाईंच्या खाटेशी ठेवला.

रात्री आवाजानं जाग आली.

टक्... टक्...

सासूबाई आपणहून उठल्या असं वाटून ती आनंदानं धावली. मैनाबाई आडव्याच होत्या. डोळे सताड उघडे. वॉकर खोलीच्या मधोमध.

"वंदना... ह्या बाईले सांग ना. मले उठू नाही देऊन राहिली."

खोलीत कुणीच नव्हतं. मैनाबाईंच्या छातीवरची चादर मात्र दबलेली... पंज्याएवढी.

टक्.

वॉकर खाटेकडे वळला.

वंदनाला देवाचं नाव आठवेना. तिनं दार उघडलं. हात जोडले.

"मावशी, तुमचाच आहे. घेऊन जा. माझ्या सासूला सोडा."

...

टक्. उंबरठा. टक्. अंगण. मग रस्ता...

चादर हळूच सैल झाली.

सकाळी मैनाबाई सुनेच्या खांद्याला धरून उभ्या राहिल्या. थरथरत, पण उभ्या. तेवढ्यात विष्णूचा फोन आला. "वहिनी, लवकर या," एवढंच म्हणून त्यानं ठेवला.

वंदना जाऊन पाहून आली. रात्रभर त्याच्या घराच्या कड्या आतून लावलेल्या होत्या. वॉकर त्याच्या पलंगाला लागून उभा होता. कौशल्याबाई ठेंगण्या, त्यांच्या मापानं तो बुटका लावलेला होता. आता त्याचे चारही पाय शेवटच्या भोकापर्यंत ओढून कुणीतरी उंच केले होते.

बरोबर विष्णूच्या मापाचे.