कुलपाच्या पलीकडे

दिवा हवा तर राहू दे, पण मध्ये कुणी बोलू नका. ही ऐकीव गोष्ट नाही, माझ्या मेहुण्याच्या बाबतीत घडलेली आहे.

मेहुणा कुलूपवाला. तीस वर्षं त्या दहा बोटांवर घर चाललं. गेल्या वर्षी तळपायांना मुंग्या यायला लागल्या, मग हातांनाही. रात्री जळजळ. पुढे बोटं बधिर झाली, जाड हातमोजे घातल्यासारखी. शर्टाची बटणं माझी बहीण लावून द्यायची. "डॉक्टरकडे चला," म्हटलं की खेकसायचा, "गावभर कळू दे, म्हणजे धंदा बसला!"

बारा नोव्हेंबर, बुधवार. रात्री पावणेबाराला एका बाईंचा फोन आला. वडील दवाखान्यात, सकाळी ऑपरेशन. जुने रिपोर्ट आत्याच्या घरात आणि किल्ली सापडत नाही. आत्या वारल्यापासून, चार वर्षं, घर बंदच. हा नाही कसं म्हणणार?

दारापुढे बसला. मागे बाई टॉर्च धरून. दारातच बसवलेल्या, आरपार भोकाच्या कुलपात तार घातली, पण बोटांना काही कळेचना. तार हातात आहे की नाही, तेसुद्धा डोळ्यांनी बघावं लागत होतं. दोनदा पडली.

"जमेल ना हो?"

"जमेल, ताई."

तिसऱ्यांदा मात्र कळलं. गार लोखंड. कुलपातली एकेक पिन, तारेने उचलायची ती. सहा महिन्यांनी! डोळे भरून आले म्हणे त्याचे.

मग त्याने हात थांबवला.

पिना हलतच होत्या. एक... दुसरी... आतून.

"ताई, आत कोण आहे?"

"कुणी... कुणी नाही."

तार ताणली गेली. आतल्या बाजूला.

खट्.

दार उघडलं. फरशीवर धुळीचा थर. एक पाऊल उमटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी स्वतःहून डॉक्टरकडे गेला. डॉक्टरांनी बोटांवर कापूस फिरवला, टाचणी टेकवली. काही कळलं नाही. साखर बेसुमार वाढलेली, तिनेच नसा खाल्ल्या होत्या. "काल कळलं म्हणता? एका रात्रीपुरतं असं होत नाही हो," डॉक्टर म्हणाले. औषधांनी जळजळ कमी झाली. बोटं तशीच. दुकान बंद केलं.

एक गोष्ट डॉक्टरांना सांगितली नाही, मला सांगितली. त्या रात्री त्याने दाराची आतली बाजू पाहिली होती. कुलपाच्या भोकाशी, पितळी पट्टीवर, वाफ धरली होती. तोंड जवळ नेऊन श्वास सोडल्यावर आरशावर धरते, तशी.

ती हळूहळू विरली...

आणि पुन्हा धरली.