मधात बुडालेला गोळा

"लेबलं चिकटवणाऱ्या बाईंचा धक्का लागला आणि बक्षिसाचा काचेचा गोळा मधाच्या टाकीत पडून फुटला," कारखान्याचे मालक म्हणाले. "आज त्यांना कामावरून काढतोय. पण त्या कबूलच होत नाहीत, म्हणून तुम्हाला बोलावलं."

आधी शिक्षा, मग चौकशी! गुप्तहेर बाईंना असली माणसं डोक्यात जात. त्यांच्या जोडीला असलेले दीर, पोलिसातून निवृत्त झालेले, एव्हाना मधाची चव घ्यायला वाकले होते. चमचा हातातून निसटला. टाकीच्या काचेच्या खिडकीतून तो रेंगाळत उतरताना दिसला आणि तळाच्या लोखंडी जाळीवर निमूट टेकला.

"धन्य आहात, भावोजी," बाई म्हणाल्या.

लेबलवाली रडून रडून थकली होती. "मी पलीकडे बाटल्या पुसत होते, ताई. चोरासारखं काढलं तर दुसरीकडे कोण उभं करेल मला?"

साक्षीदार एकच, मालकांचा भाचा. आपल्या खोलीत तो ऐटीत म्हणाला, "मी डोळ्यांनी पाहिलं. गोळा जाळीवर खाणकन आदळला, वीतभर उसळला आणि फुटला."

"आई गं!" भावोजी एका पायावर नाचू लागले. चपला बाहेर काढायचा नियम होता. तळव्यातून त्यांनी काचेची बारीक कपची उपटली. "वहिनी, इथे झाडत नाहीत वाटतं!"

बाईंनी सगळ्यांना टाकीपाशी नेलं. "भाचेसाहेब, तुमचं घड्याळ द्या. आत टाकते."

"अहो, मध शिरेल त्यात!"

"फुटेल, असं नाही म्हणालात?"

भाच्याने घड्याळाचा हात पाठीमागे घेतला.

"कारण ते फुटणार नाही, हे तुम्हालाही ठाऊक आहे. इतक्या दाट मधात वस्तू सावकाशच उतरते. तळाजवळ तर वस्तू आणि जाळी यांच्यामधल्या मधाला बाजूला सरायलाच वेळ लागतो, तोच गादी होतो. ना आवाज, ना उसळी. भावोजींचा चमचा पाहिलात ना? गोळा तुमच्या खोलीत, फरशीवर फुटला. तिथलीच कपची भावोजींच्या पायात रुतली. तुकडे तुम्ही इथे टाकलेत."

"मामा, हातातून सुटला हो... तुम्ही ओरडाल म्हणून..."

"गोळा फोडलात, ते एक वेळ सोडा," बाई तुच्छतेने म्हणाल्या. "लोकांच्या पोटात जाणाऱ्या मधात काच टाकलीत. आणि बळी दिलात तो या बाईंचा."

मालक खाली मान घालून लेबलवालीला म्हणाले, "चुकलं माझं. कामावर या."

तिने डोळे पुसले, कोपऱ्यातली बादली उचलली आणि भाच्याच्या हातात दिली.

"टाकी रिकामी करा, साहेब. यातला थेंबही बाटलीत गेला, तर त्यावर मी लेबल लावणार नाही."