अडकलेली डिस्क

"अहो, त्याला इंजेक्शन देताय का?"

कॉम्प्युटरच्या डिस्क-कप्प्याच्या बारीक भोकात टाचणी खुपसून बसलेली ती दचकली. दारात विस्कटलेल्या केसांचा एक जण हसत होता. हा हॉस्पिटलातले कॉम्प्युटर सांभाळणारा, सगळ्यांचा 'सिस्टिमवाला'.

एक्स-रे विभागात ती नवीन होती. पेशंट जुन्या तपासण्यांच्या डिस्क आणायचे, त्यातले फोटो तिनं उतरवून घ्यायचे. पण डिस्क उघडेल तर शपथ!

"बिघाड नाही, परवानगी नाही," तो म्हणाला. "आत घातलेली डिस्क कॉम्प्युटरला जोडायचा अधिकार इथं फक्त मला आहे."

"म्हणजे दर वेळी तुम्हाला बोलवायचं?"

"बोलवा की... मी कुठं नाही म्हणतोय?"

मग ती बोलवत राहिली. तो वाकून एक ओळ टाइप करायचा, आणि त्या एका ओळीला अर्धा तास लागायचा. त्याच्या शर्टाला कॉफीचा वास यायचा, आणि तिच्या हातून भलतंच टाइप व्हायचं.

एके सकाळी तो म्हणाला, "आता कुणीही डिस्क जोडू शकेल. फक्त ज्यानं जोडली त्यानंच काढायची, तोवर कप्पा उघडणार नाही. माझी गरज संपली!"

ती कसंनुसं हसली. यानं आपली सोय केली, की आपल्याला टाळलं? आणि आता बोलवायचं तरी कोणत्या तोंडानं? तिला काही सुधरेना.

"सिस्टिमवाले रुसले का गं?" झाडूवाल्या मावशींनी विचारलं.

"मला काय विचारता!" ती इतकी फणकारली की मावशी काय ते समजल्या.

आणि एका दुपारी ती जेवून आली, तर डिस्कचा कप्पा उघडेचना. आत कुणाची तरी डिस्क जोडलेली होती. स्क्रीनवर जोडणाऱ्याचं नाव — त्याचं! हा येऊन गेला? आपण नसताना? तिनं तणतणत फोन लावला.

तो धावतच आला. कप्पा उघडला. डिस्क जुनी, चरे पडलेली, कुणाच्याच कामाची नव्हती.

"ही कशाला लावलीत?"

"तुम्ही... बोलवायचं थांबवलंत."

"तुम्हीच म्हणालात ना, गरज संपली!"

"कामाची संपली." त्याचे कान लाल झाले. "म्हटलं, काम नसतानाही बोलावता का, बघू. नाही बोलावलंत... मग धीर सुटला."

इतके दिवस जीव टांगणीला लावून हा मुलगा परीक्षा घेत होता! तिला राग आला, हसू आलं, आणि तो फार फार आवडला.

तिनं आधी खोळंबलेल्या पेशंटचं काम उरकलं. मग ती चरे पडलेली डिस्क आत सरकवली आणि स्वतःच्या नावानं जोडली.

"हे काय?" तो गोंधळला.

"आता मीच काढायची ना? संध्याकाळी न्यायला या."

"आणि नाही काढलीत तर?"

"तर उद्या या... परवा या. नियम तुमचाच आहे."