सुगराबीच्या जागेवरची बाग

बसा बे पोरायहो, जवळ सरका. ही गोष्ट माह्या दोस्ताची, रहेमतुल्लाची. एवढं वय झालं, पण या कचरूनं, म्हणजे म्या, कधी थापा मारल्या नाहीत.

शनिवार, तीस नोव्हेंबर, अमावास्या. देऊळगाव राजाच्या अलीकडं आपल्या किल्ल्यात नवी बाग झाली होती. कारंजी, कापलेली हिरवळ, रंगीत दिवे. पाच वर्षांच्या नातीनं, सफानं "दादा, बागेत चल" असा हट्टच धरला, म्हणून रहेमतुल्ला तिले घेऊन गेला. जिथं तो जन्मला, तिथं तिकीट काढून!

बागेच्या आधी किल्ल्यात वस्ती होती. चाळीस घरं. ती उठवायचं ठरलं तेव्हा त्याची बायको सुगराबी म्हणाली, "मी मरन, पण इथून हालणार नाही." आणि यानं माळ्याच्या नोकरीच्या आशेनं, तिच्या नकळत, जागा सोडायच्या कागदावर पहिली सही ठोकली. त्याच्या मागून साऱ्यांनी केली. नोकरी काही मिळाली नाही. सुगराबी गावाबाहेरच्या पत्र्याच्या खोलीत दोन महिने जगली. मरेपर्यंत नवऱ्याशी एक शब्द बोलली नाही.

तर, पावणेसातले शिट्टी झाली. बाग बंद व्हायची वेळ. रहेमतुल्लानं बाजूले पाहिलं.

सफा नाही.

कारंज्यापाशी नाही. बुरुजाखाली नाही.

"सफा! ए सफा!"

दिवे विझू लागले. एक रांग. मग दुसरी...

अंधारात त्याचे पाय आपसूक वळले. विहिरीले वळसा. मग डावीकडं. साठ वर्षांची पायवाट ती. पुढं हिरवळ... त्याचं घर इथंच होतं.

धुराचा वास आला. गोवरीच्या धुराचा.

पोर गवतावर मांडी घालून कोणाशी तरी बोलत बसली होती. एकटी.

"इकडं काऊन आली? कोणासंग बोलत होती?"

"दादीसंग."

सफाच्या जन्माआधीच सुगराबी गेली होती.

"काय... काय म्हणली दादी?"

"मले भाकर दिली." सफानं हातातली अर्धी भाकर दाखवली. "म्हणली, तूच खाय. दादाले देऊ नको."

रहेमतुल्लानं त्या गवतावर हात ठेवला.

"सुगरा... माफ कर."



"एक डाव तरी बोल..."



त्यानं ती अर्धी भाकर रुमालात बांधली, पोरीले छातीशी धरलं आणि बाहेर पडला.

सकाळी मले बोलावलं.  त्यानं रुमालाकडं बोट दाखवलं. रुमालाची गाठ मी माह्या हातानं सोडली.

भाकरीतून वाफ निघून राह्यली होती.