बंद पाकिटातला बारावा

हॉस्पिटलसमोरचा रस्ता ओलांडला की स्टेशनरीचं एक दुकान होतं. वह्या, फायली, वाढदिवसाची कार्डं, आणि गल्ल्याशेजारी पुठ्ठ्याचा एक उघडा खोका. खोक्यात चंदेरी कागदाची चपटी पाकिटं. वर छापलेलं 'अवकाश पलटण', आणि आत बारापैकी एक कोणीतरी. कोण ते फोडल्याशिवाय कळायचं नाही. शाळेतली पोरं वरचंच उचलून पळायची. पण सहा फूट उंचीचा, चाळिशी ओलांडलेला, बस डेपोत वेळापत्रकं लावणारा एक माणूस खोक्यापाशी अर्धा अर्धा तास उभा राहायचा आणि एकेक पाकीट दोन बोटांत धरून, डोळे मिटून चाचपायचा. "हा शेपटीवाला. हा पुन्हा रोबो. ह्याच्या डोक्यावर काटा आहे, नको."

"अहो, खेळणी घेताय की भाजी निवडताय?" दुकानातल्या काकू विचारायच्या.

त्याला टिल्लू म्हणत. जन्मला तेव्हा वीतभर होता म्हणून पडलेलं नाव. पुढे तो ताडमाड वाढला, पण ताईने नाव काही बदललं नाही. ताई म्हणजे त्याची थोरली बहीण. आईवडिलांमागे घरात दोघंच, आणि दोघांचं एकमेकांवाचून पान हलत नसे, हे दोघांनाही कबूल नव्हतं.

टिल्लूला महागडी खेळणी कधी भावलीच नाहीत. काचेच्या कपाटात ठेवायची, वीस ठिकाणी वाकणारी, पापण्यासुद्धा रंगवलेली ती. "त्यांना माझी काय गरज?" म्हणायचा. त्याचा जीव ह्या स्वस्तातल्या पलटणीवर. सहा सेंटिमीटरची माणसं. मान, दोन हात आणि दोन पाय एवढंच हलणार. रंग फक्त पुढून, पाठ नुसत्या प्लास्टिकची. धड सगळ्यांचं एकाच साच्यातलं, डोकी तेवढी वेगळी. रंगाचा ठसा सरकला की डोळे गालावर यायचे, आणि असा गालावर डोळे असलेला एक सेनापती त्याचा सगळ्यांत लाडका. कुणाची बंदूक वाकडी निघाली तर ती चहाच्या आधणात बुडवून सरळ करायची, गार पाण्यात धरायची, आणि मग त्याच आधणात साखर टाकायची. ताईने हे एकदा पाहिलं आणि आठवडाभर घरचा चहा सोडला.

बारापैकी अकरा जमले होते. बारावा मिळत नव्हता. पाकिटाच्या मागच्या यादीत त्याचं नाव 'शोधक', आणि चित्राच्या जागी नुसती काळी सावली.

"ताई, तुझ्या मशीनखाली धर ना पाकिटं. मिनिटात कळेल."

"ते माणसांचं मशीन आहे."

"मग ही कोण आहेत?"

ताई हॉस्पिटलात एक्स-रे काढायची. सत्तावीस वर्षं. नियमाला पक्की. तिने एकही पाकीट कधी मशीनखाली धरलं नाही.

टिल्लू जाऊन आता सात महिने झाले होते. फुप्फुसांचं दुखणं. शेवटचे अकरा दिवस तो तिच्याच हॉस्पिटलात होता, तिसऱ्या मजल्यावर, आणि ती तळमजल्यावर. त्या दुपारी त्याने सिस्टरांकरवी फोन लावून घेतला आणि म्हणाला, "ताई, ये ना जरा." बाहेर बाकावर दोन पेशंट होते. ती म्हणाली, "थांब, दोनच आहेत, आलेच." दोघांचे फोटो काढून ती वर पोचली तेव्हा सिस्टर पडदा ओढत होत्या. नऊ मिनिटं लागली होती. लहानपणापासून टिल्लूने तिचं सगळं ऐकलं. थांब म्हटलं की थांबला, बस म्हटलं की बसला. एवढं एकच ऐकलं नाही.

लोक म्हणाले, शांतपणे गेला. ताईला त्याचं काही नव्हतं. आपण त्याला थांब म्हणालो आणि गेलो नाही, हे तिच्या जिवाला लागून राहिलं होतं. ती नऊ मिनिटं तिला परत हवी होती. ती मिळत नसतात हे न कळण्याइतकी ती खुळी नव्हती. म्हणून ती दर आठवड्याला पाकिटं घ्यायची. बारावा मिळवणं निदान हातातलं होतं.

एका सोमवारी काकूंनी खोका उलटा करून दाखवला. "संपलं हो. कंपनीने माल काढणंच बंद केलंय. ही तीन राहिलीत, घेऊन टाका."

ताईने ती तीन पाकिटं ॲप्रनच्या खिशात घातली. जेवणाच्या सुट्टीत एक्स-रेच्या खोलीत ती एकटीच होती. आता ह्यानंतर पाकिटं नाहीत. तिला फोडायचा धीर होईना. तिन्हींत रोबोच निघाले तर? तिने दार लावलं, नावाच्या रकान्यात 'चाचणी' असं टाइप केलं, आणि सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा नियम मोडला.

पहिलं पाकीट. पडद्यावर फिकट राखाडी आकृती आली, शेपटी स्पष्ट. दुसरं. पुन्हा तीच फिकट राखाडी, चौकोनी डोकं. रोबो.

तिसऱ्यात हाडं होती.

ताई खुर्चीतून उठली नाही की किंचाळली नाही. तिने आधी काय करायचं ते केलं. कधी कधी प्लेटवर आधीच्या पेशंटची पुसट सावली राहते, म्हणून प्लेट बदलली. टेबल पुसलं. पुन्हा फोटो काढला, मग पाकीट कडेवर उभं करून बाजूने काढला. कवटी, मणके, बरगड्या, कमरेचं हाड. सगळं केसासारख्या बारीक पांढऱ्या रेघांत, सगळं जागच्या जागी. पडद्यावरची पट्टी लावून मोजलं. टाळूपासून टाचेपर्यंत सहा सेंटिमीटर. एवढ्या आकाराला हाडं कच्ची असायला हवीत. ही पक्की होती, वाढ पुरी झालेल्या माणसाची.

मग तिने चित्र मोठं केलं आणि डावा हात पाहिला.

टिल्लू नऊ वर्षांचा असताना पुठ्ठ्याचं यान कमरेला बांधून गॅरेजच्या छपरावरून उडाला होता. मनगटाच्या वरची दोन्ही हाडं मोडली. चौदा वर्षांची ताई एक्स-रेच्या खोलीबाहेर लाल दिव्याखाली उभी राहून रडली, आणि मोठेपणी ह्याच धंद्यात आली. हाडं जुळली, पण किंचित बाक देऊन. तो बाक तिने पुढे कितीदा तरी पाहिला होता, कारण टिल्लूचा त्यानंतरचा प्रत्येक फोटो तिनेच काढला होता. तो तिला अंधारात चाचपूनही ओळखता आला असता.

बाक तिथे होता.

तिने पाकीट दोन्ही हातांत धरलं. डोळे भरून आले. भीती वाटायला हवी होती, ती वाटतच नव्हती. हरवलेली वस्तू घरातच सापडावी तसं तिला झालं. टेबलावर कात्री होती. ती तिने उचलून खणात टाकली आणि खण लावून घेतला. फोडलं तर आत प्लास्टिकच निघणार, ह्याबद्दल तिला शंका नव्हती.

चार वाजता रिपोर्ट लिहिणारे नवे डॉक्टर आले. तिने बाकी काही न सांगता तो फोटो त्यांच्यासमोर लावला.

"पुरुष. चाळिशी पार," ते चष्मा वर करून म्हणाले. "डाव्या हाताचं जुनं फ्रॅक्चर. छातीत उजवीकडे खाली मोठा आजार होऊन गेलाय, त्याचा वण दिसतो. पण आता छाती स्वच्छ आहे. बरा झालाय माणूस. तुमच्या नात्यातला का?"

"भाऊ."

"छान. फक्त तुमची पट्टी गंडलीये, ताई. सहा सेंटिमीटरचा माणूस दाखवतेय."

"बघते मी," ताई म्हणाली.

बरा झालाय माणूस. त्या दिवशी घरी जाताना ती बसमध्ये स्वतःशीच हसत होती. घरी पाकीट तिने उशीशेजारी ठेवलं आणि दिवसभराचं सगळं त्याला सांगितलं. काकूंचा खोका, डॉक्टरांची पट्टी, सगळं. आपण खुळ्यासारखं करतोय हे तिला कळत होतं. पण सात महिने घरात बोलायला कुणी नव्हतं.

मंगळवारी दुपारी तिने ठरवलं की छातीचा एक फोटो नीट काढायचा. पाकीट प्लेटला टेकवून उभं केलं. काचेआड जाऊन बटणावर बोट ठेवलं, आणि दिवसातून पन्नासदा म्हणायचे शब्द तोंडातून आपोआप गेले. फक्त समोर कोण आहे ते ठाऊक असल्यामुळे जरा बदलून.

"मोठा श्वास घे. थांब."

बटण दाबलं. त्याच क्षणी फोन वाजला. अपघात विभागात चारजण आणले होते, फिरतं मशीन घेऊन धावत या. ताईने पाकीट उचलून कपडे बदलायच्या खोलीतल्या आपल्या लोखंडी कपाटात टाकलं आणि धावली. तिथे रात्रपाळीची माणसं येईपर्यंत मान वर करायला फुरसत नव्हती. घरी गेली ती नुसती आडवी झाली.

बुधवारी सकाळी तिने कालचा फोटो उघडला. सुरेख आला होता. छाती पूर्ण भरलेली. छातीखालच्या श्वासपटलाच्या वर दिसणाऱ्या बरगड्या मोजल्या, दहा. कुणीही शिकाऊ मुलांना दाखवावा असा, पूर्ण श्वास घेतलेला फोटो. सोमवारच्या फोटोत आठच होत्या. तिला कौतुक वाटलं. अजून ऐकतोय माझं, असं काहीसं मनात येऊन गेलं. कामाच्या गर्दीत तिने त्यावर पुढे विचार केला नाही.

दुपारी बेकरीवाले आजोबा आले. खोकला जुना. तिने त्यांना प्लेटसमोर उभं केलं, काचेआड गेली, म्हणाली, "मोठा श्वास घ्या, थांबा." फोटो निघाला. पडद्यावर तो जरा तिरका वाटला, म्हणून ती वाकून पाहत राहिली.

"बाई," मागून चिरकी हाक आली. आजोबांचा चेहरा लालबुंद झाला होता. "सोडू का?"

"अहो सोडा, सोडा! मला सांगायचं नाही का?"

आजोबांनी दणकून श्वास सोडला आणि खोकत खोकत म्हणाले, "तुम्ही म्हणाल तेव्हाच सोडायचा ना. सांगितलं ते ऐकलं."

ताईने आजोबांना खुर्चीत बसवलं.

ती कपडे बदलायच्या खोलीकडे धावत सुटली. किल्ली फिरवली. कपाट उघडलं.

पाकीट टम्म फुगलेलं होतं. चंदेरी कागदावर एक सुरकुती नव्हती.

काल दुपारपासून. तिने म्हटलं होतं, थांब. आणि तो थांबला होता.

तिने पाकीट तळहातावर घेतलं. आता एक शब्द बोलायचा, बस. पण तो बोलायचा कसा? सोड म्हटलं आणि त्याने सोडला, तर पुढे काय हे ती हॉस्पिटलात इतकी वर्षं बघत आली होती. न बोलता असंच ठेवलं तर? थांबलाय ना. ह्या खेपेला थांबलाय.

आणि मग तिला स्वतःची लाज वाटली. एवढी, की ती तिथेच बाकावर बसली.

"टिल्लू," ती म्हणाली. "आले रे मी. सोड आता."

पाकीट हळूहळू खाली बसलं. तळहाताला ऊब लागली. चारही कडा चिकटवलेल्या होत्या, तशाच होत्या.

ती वाट बघत राहिली. तिसऱ्या मजल्यावर जे करायचं राहिलं होतं, ते आता करत होती. तो जाईपर्यंत ती इथून हलणार नव्हती.

पाकीट पुन्हा वर आलं.

खाली गेलं. वर आलं.

ताईने मनगटावरचं घड्याळ समोर धरलं आणि मोजलं. मिनिटाला सोळा. कुठल्याही निरोगी माणसाचे असतात तेवढे. ती रडत होती आणि मोजत होती.

मग इतक्या वर्षांची सवय जागी झाली. हात आपला आहे. आपण श्वास घेतो तेव्हा हात हलतो, हातावरचं पाकीटही हलणारच. म्हणून तिने ते कपाटातल्या फळीवर ठेवलं, दोन पावलं मागे सरली, आणि खात्री करायला स्वतःचा श्वास रोखला.

पाकीट वर यायला लागलं होतं. ते अर्ध्यावर थांबलं, आणि तिची वाट बघत राहिलं.