वाळूतला पितळी बिल्ला

"माझे बाबा बुडालेले नाहीत," दार उघडताच ग्लेनिस थर्लवेल म्हणाली. "सगळं रेनबी गाव म्हणतंय बुडाले. निदान तुम्ही तरी म्हणू नका."

क्लेम बुलमरने खुर्ची पुढे केली, पण ती बसेना. क्लेमने चाळीस वर्षं बस चालवली होती. पार गळून गेलेला माणूस उभाच राहतो, बसला की आपण कोसळू अशी त्याला भीती असते, हे त्याला ठाऊक होतं.

क्लेम हल्ली जिच्या कामात मदत करायचा, ती खासगी गुप्तहेर ऑड्रे प्राउडलॉक चष्मा पुसत म्हणाली, "पहिल्यापासून सांग, पोरी."

हेडली थर्लवेल एक्याऐंशी वर्षांचे होते. सारं आयुष्य कोळशाच्या खाणीत गेलं होतं. काल, रविवारी सकाळी नऊला ते घरातून निघाले, ते परतलेच नाहीत. गावकऱ्यांनी शेतं, रस्ते, कडे धुंडाळायला घेतले. दुपारी दोनला लेस्टर कॉग्डन किनाऱ्यावरून धावत आला. त्याच्या हातात हेडलींचा खाणीतला हजेरीचा पितळी बिल्ला होता, नंबर चारशे सतरा. ओहोटीच्या रेषेजवळ धातू शोधायचं यंत्र वाजलं, उकरलं तर हा निघाला, असं त्याने सांगितलं. तेव्हा जमिनीवरचा शोध थांबला आणि बचाव पथकाच्या नावा समुद्रात गेल्या.

"तो बिल्ला बाबा अंघोळीलासुद्धा काढत नसत. मग गळ्यातली साखळी कुठं गेली? सकाळचा नाश्ता ते विसरतात, पण आजोबा कामाला होते त्या वीटभट्टीवरचा मुकादम कुठल्या खिडकीतून मजुरीचे, पैशांऐवजी द्यायचे बिल्ले वाटायचा, ते बोट दाखवून सांगतात. असा माणूस रस्ता चुकून समुद्रात कसा जाईल?"

"भट्टी कुठली?"

"काय माहीत! माझ्या जन्माआधीच बंद पडली." ग्लेनिस खिडकीशी गेली. "डॉक्टर म्हणाले, या थंडीत म्हातारं माणूस फार तर एक रात्र काढेल. ती एक रात्र तर गेली हो."

क्लेमने मनातल्या मनात हात जोडले. काल संध्याकाळी प्रार्थनाघरात हेडलींची जागा रिकामी होती. बाकी सगळं विसरणारा हा म्हातारा भजनाचं एक कडवं कधी चुकत नसे.

बिल्ला ग्लेनिसकडेच होता. प्राउडलॉकबाईंनी तो भिंगाखाली धरला. वरची कडी उघडी पडली होती, लांबट ताणलेली. बाईंनी टाचणीने आकड्यांच्या खाचा कोरून रुमालावर झटकल्या. चिमूटभर लाल भुकटी पडली.

"गंज असेल," क्लेम म्हणाला.

बाईंनी रुमालाची घडी घालून खिशात ठेवली.

थर्लवेलांचा शेजारी विल्फ रेन आपल्या कबुतरखान्यात पाठमोरा उभा होता. शनिवारी हेडलींनी विसरभोळेपणाने खुराड्याचं दार उघडलं होतं आणि त्याची सहा शर्यतीची कबुतरं उडून गेली होती.

"हो, शिव्या दिल्या मी!" विचारायच्या आधीच तो ओरडला. "म्हणालो, जा, समुद्रात जाऊन बुड. झालं समाधान? न्या मला पकडून."

"अरे विल्फ, तुला कोण पकडतंय?" क्लेम म्हणाला.

विल्फने बाहीने नाक पुसलं. "पाच परत आली रे. सहावं आज सकाळी आलं. हे कुणाला जाऊन सांगू मी?"

"काल सकाळी तुम्ही त्यांना पाहिलंत?" बाईंनी विचारलं.

"पाहिलं की. डोक्यावर खाणीतलं जुनं हेल्मेट होतं. मी हसलो. हाक नाही मारली. मेल्या कबुतरांपायी तोंड फिरवलं मी."

वळणावर प्राउडलॉकबाई थबकल्या. "क्लेम, किनाऱ्यावर फिरायला हेल्मेट कोण घालतं?"

"ज्याचं डोकं ठिकाणावर नाही, तो."

"किंवा ज्याचं अगदी ठिकाणावर आहे, तो."

लेस्टर कॉग्डन मेटल डिटेक्टरवाल्यांच्या मंडळाचा चिटणीस होता. साठीचा, नीटनेटका माणूस. रडून त्याचे डोळे सुजले होते. हेडलींना दर रविवारी किनाऱ्यावर तोच न्यायचा, यंत्राचे हेडफोन त्यांच्या कानाला लावून द्यायचा. भिंतीवर काचेखाली जुनी नाणी, खानावळींचे बिल्ले, दूधवाल्यांचे बिल्ले मांडलेले होते.

"काल मात्र मी एकटाच होतो," तो म्हणाला. "हेडली आलेच नाहीत. वाट पाहून मी कामाला लागलो. अकरा ते दोन, नावा उतरवायच्या उतारापासून खडकांपर्यंत, सगळी वाळू विंचरली. तीन तासांत तेवढा एक बिल्ला निघाला."

"आणखी काहीच नाही?"

"काही नाही. देवाची इच्छा, दुसरं काय?"

दाराशी यंत्र टेकवलेलं होतं. शेजारी अरुंद पात्याचं फावडं होतं. आणि खुंटीला वाळू गाळायचा छिद्रांचा मोठा झारा. बाईंनी झाऱ्यावरून बोट फिरवलं, तर छिद्रांमधलं कोळिष्टक बोटाला चिकटलं.

"बिचारा," बाहेर येऊन क्लेम म्हणाला. "मित्राचा बिल्ला आपल्याच हाताने उकरायचा, म्हणजे…"

"चहा पिऊ या," बाई म्हणाल्या.

"आत्ता? ऑड्रे, तिकडे त्या पोरीचा जीव टांगणीला लागलाय!"

"म्हणूनच."

किनाऱ्यावर बेसी टायझॅकची चहाची टपरी होती. दाराशी पत्र्याची बादली. यंत्र फिरवणाऱ्याने वाळूतून निघालेला कचरा तिच्यात टाकायचा आणि एक कप चहा फुकट प्यायचा, असा तिथला रिवाज.

बादलीच्या तळाला एक वाळकं पान तेवढं होतं.

"कधी रिकामी केलीस, बेसी?"

"शनिवारी संध्याकाळी. काल कुणी काही टाकलं नाही, बाई. आणि फुकटचा चहा सोडणारा डिटेक्टरवाला अजून जन्माला यायचाय!"

प्राउडलॉकबाईंनी घड्याळ पाहिलं. पावणेचार वाजत होते. "क्लेम, लेस्टरला इथे घेऊन ये. ग्लेनिसलाही. बचाव पथकाच्या प्रमुखाला सांग, दोर आणि कुदळी गाडीत टाकून दाराशी उभे राहा. कुठे जायचं ते पाच मिनिटांत सांगते."

"तुला कळलंय कुठे?"

"नाही. ते ज्याला ठाऊक आहे, त्याला बोलतं करायचंय."

चार वाजता सगळे टपरीत जमले. बाहेर उजेड पिवळा पडत चालला होता. ग्लेनिस भिंतीला टेकून उभी होती. लेस्टर टोपी चुरगाळत बसला.

"मिस्टर कॉग्डन," प्राउडलॉकबाई म्हणाल्या, "तुम्ही तीन तास ही वाळू विंचरलीत. पत्र्याचा तुकडा नाही, खिळा नाही, डब्याचं झाकण नाही. फक्त एक बिल्ला. बेसी, या वाळूत तीन तासांत काय निघतं?"

"भंगाराची अर्धी बादली!"

"काल बादली रिकामी होती. ते एक वेळ सोडा. वाळूत उकरणारा माणूस झारा वापरतो. तुमच्या झाऱ्याला कोळिष्टकं लागलीत. अरुंद फावडं मात्र दाराशी आहे. ते मातीत चालतं, वाळूत नाही. म्हणजे हल्ली तुम्ही किनाऱ्यावर येतच नाही."

लेस्टरने टोपी डोक्यावर चढवली आणि पुन्हा काढली.

"आता बिल्ला." बाईंनी रुमाल उलगडला. "क्लेमला हा गंज वाटला. पण पितळेवर कळंक चढतो तो हिरवा, लाल नाही. ही विटेची भुकटी आहे. समुद्राची एक लाट अंगावरून गेली असती तर धुऊन निघाली असती. हा बिल्ला पाण्यात गेलाच नाही. आणि ही कडी पाहा. लाटेने कडी अशी ताणली जात नाही. कुणीतरी बिल्ल्याला धरून जोराने ओढलंय."

"म्हणजे यानं बाबांना…" ग्लेनिस पुढे झाली. क्लेमने तिचा दंड धरला.

"नाही, पोरी. मारायला नाही. वाचवायला ओढलंय." बाईंचा आवाज खाली आला. "हेडलींना कालचं आठवत नाही, पण सत्तर वर्षांपूर्वीची बिल्ले वाटायची खिडकी आठवते. ज्याला जुन्या बिल्ल्यांचं वेड आहे, त्याला याहून चांगला वाटाड्या कुठे मिळणार? पडक्या भट्टीत शिरायचं म्हणून म्हाताऱ्यानं खाणकामगाराच्या शहाणपणानं हेल्मेट घातलं. तिथे पायाखालची जमीन खचली. तुम्ही त्यांची कॉलर धरायला गेलात आणि हातात बिल्ला राहिला, साखळी त्यांच्याच गळ्यात. खरं की नाही?"

लेस्टरने दाराकडे पाहिलं.

"या भागात तीन पडक्या वीटभट्ट्या आहेत. तिन्ही उकरायला दोन दिवस लागतील, आणि उजेड उरलाय दोन तासांचा. कुठली ते सांगा."

"ते गेलेत हो!" लेस्टरने एकदम हंबरडा फोडला. "दहादा हाका मारल्या मी. वरून विटा कोसळत होत्या. आतून चकार शब्द आला नाही. तिथे जायला बंदी आहे, मंडळाचा तो नियम मीच लिहिलाय! आणि ग्लेनिसला मी शब्द दिला होता, किनाऱ्यापलीकडे नेणार नाही म्हणून. मला वाटलं, गेलेला माणूस काही परत येत नाही. समुद्रानं नेलं म्हटलं, तर निदान…"

"निदान काय?" ग्लेनिसने विचारलं.

त्याने मान वर केली नाही. "कुपर्सची भट्टी," तो पुटपुटला. "धुराड्याच्या मागं."

भट्टीवर पोहोचले तेव्हा धुराड्याची सावली शेतापार गेली होती. पथकाच्या माणसांनी विटा हातोहात बाजूला केल्या. प्रमुखाने सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं. क्लेमने जमिनीला कान लावला. त्याचा बाप खाणीत होता, पण असं कान लावायची पाळी त्याच्यावर कधी आली नव्हती. देवा, त्याने म्हटलं, एवढं एक दे.

खालून आवाज आला. विटेवर वीट. तीनदा. मग थांबून पुन्हा तीनदा.

"जिवंत आहेत!" क्लेम ओरडला, आणि ग्लेनिस मटकन खाली बसली. सकाळपासून पहिल्यांदाच.

पाऊण तासाने हेडली थर्लवेलना दोरांनी खड्ड्याच्या काठापर्यंत आणलं. भट्टीखालच्या बोळात ते आडवे पडून राहिले होते. पाय मोडला होता, दाढी लाल धुळीने माखली होती, हेल्मेटला पोचा आला होता. ग्लेनिस त्यांच्यावर ओणवी झाली. त्यांनी तिला ओळखलं नाही.

"बाई, मला राहू दे इथंच," ते खरखरत्या आवाजात म्हणाले. "आधी माझ्या जोडीदाराला काढा. लेस्टर. तोही आत गाडला गेलाय. शुद्धीवर आल्यापासून हाका मारतोय मी, ओ देत नाही. त्याला सोडून मी वर जायचा नाही."

त्यांनी खरोखरच एका हाताने काठाची वीट धरून ठेवली. पथकाच्या माणसाला ती बोटं सोडवेनात.

दहा पावलांवर लेस्टर कॉग्डन गुडघ्यांवर बसला होता, तोंड हातांत लपवून.

ग्लेनिस उठली आणि त्याच्यापुढे जाऊन उभी राहिली. आता ही त्याच्या थोबाडीत देणार, असं क्लेमला वाटलं. दिली असती तर तिला कुणी बोललं नसतं. प्राउडलॉकबाईही जागच्या हलल्या नाहीत.

"ऊठ," ग्लेनिस म्हणाली. "ओ दे त्यांना."

"मी कुठल्या तोंडानं…"

"ओ दे, लेस्टर."

तो कसाबसा उठला. त्याने तोंडाशी दोन्ही हात धरले.

"ओ, हेडली! मी आहे इथं. मी वर आहे."

म्हाताऱ्याने आवाजाच्या दिशेने मान वळवली आणि जरा वेळ कानोसा घेतला.

"मग झालं," ते म्हणाले, आणि त्यांनी विटेवरची बोटं सोडली.